भावाचा तोटा भरून काढायला पैसे द्यावेत का?

पत्र: मी नागपुरात मानेवाडा भागात राहते, शाळेत शिक्षिका आहे. बाबांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, दरवर्षी बहार झाडावरच व्यापाऱ्याला देतात. धाकटा भाऊ तीस वर्षांचा, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपासून तो ऑप्शनमध्ये, म्हणजे बाजाराच्या भावावरच्या मुदतीच्या सौद्यांत, ट्रेडिंग करतो. आठ लाखांच्या आसपास गेले, त्यातले तीन लाख पर्सनल लोनचे. आता माझ्या एफडीतले सहा लाख मागतोय. म्हणतो, "ताई, तू उगाच घाबरून राहिली. पहिले लोकं डुबायचे, कारण त्यांना माहितीच नव्हती. आता सगळा डेटा मोबाइलवर आहे. सहा महिन्यांत तुझे पैसे व्याजासकट परत." बाबांना पूर्ण आकडा माहीत नाही. ते एवढंच म्हणतात की शेअर बाजार म्हणजे सट्टापट्टीच. दोघांत बरोबर कोण? पैसे देऊ का? नाही म्हटलं तर तो बाबांना बागेवर कर्ज काढायला लावेल, ही भीती आहे.

ताई,

पैशाचं आधी सांगतो. देऊ नका. सहा लाख तर नाहीच, पण "फक्त मार्जिनपुरते" (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत) म्हणून मागितलेले पन्नास हजारही नाही. त्याच्या डोक्यावरचं लोन फेडायला हातभार लावावा का, हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर पुढे लिहितो. पण गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी ट्रेडिंगच्या खात्यात नवे पैसे टाकणं, याला माझा स्पष्ट नकार आहे.

आता बरोबर कोण? तुमच्या भावाने इतिहासाचा दाखला दिला आहे, म्हणून उत्तरही इतिहासातूनच देतो. त्याने तो नीट ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

आधी बाबा. त्यांचं म्हणणं अर्धं चुकलं आहे, आणि त्याचा पुरावा नागपुरातच आहे. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. भांडवल पंधरा लाखांचं, शेअर काढून उभं केलेलं. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढण्यातच पैसा ओतावा लागला. एका मारवाडी सावकाराला शेअर घ्यायला सांगितलं तेव्हा, हा माणूस सोनं जमिनीत पुरतोय, म्हणून त्याने नकार दिला. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. पुढे तोच सावकार म्हणाला की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं, असा किस्सा सांगतात. ही गिरणी शंभर वर्षांहून जास्त चालली, नागपुरातल्या कित्येक घरांच्या चुली तिच्या पगारावर पेटल्या. ज्यांनी शेअर घेतले त्यांनी त्या चात्यांमध्ये आणि सुताच्या गठ्ठ्यांमध्ये हिस्सा घेतला होता. बाबांना हे जरूर सांगा. याला सट्टापट्टी म्हणता येणार नाही.

(नागपूरला स्वतःचा शेअर बाजारही होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तेजीत देशभर असे बाजार निघाले, त्यांत १९४० चं नागपूर स्टॉक एक्स्चेंज होतं. युद्धानंतर तेजी ओसरली, आणि १९५६ च्या कायद्यानंतर सरकारने ज्या मोजक्या बाजारांना मान्यता दिली त्यांत नागपूर नव्हतं.)

आणि आता भाऊ. "पहिले लोकं माहिती नसल्यामुळे डुबायचे" हे त्याचं वाक्य मला आठ लाखांच्या तोट्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण पुढचे सहा लाख तो याच वाक्याच्या भरवशावर मागतो आहे. आणि ते खरं नाही.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, हिंगणघाट, खानदेश, गुजरात, जिथे कापूस पिकत होता तिथला भाव कित्येक पटींनी चढला. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती १८६७ मध्ये, म्हणजे युद्धाच्या त्या वर्षांत इकडचा माल बैलगाड्यांनीच पुढे जात होता. या कापसाचा पैसा मुंबईत साठला आणि तिथे शेअरचं वेड सुरू झालं. नव्या बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, रोज काहीतरी निघत होतं. या सगळ्याच्या मधोमध होते मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद. कुठल्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार, हे त्यांच्या शब्दावर ठरे.

हे लोक अडाणी नव्हते, ताई. प्रेमचंदांची गोष्ट अशी सांगतात की विलायतेचं जहाज बंदराला लागायच्या आधीच त्यांची होडी समुद्रात जाऊन लिव्हरपूलच्या कापसाचे भाव घेऊन यायची. बाकीच्या बाजाराला बातमी कळेपर्यंत त्यांचे सौदे झालेले असत. आज मोबाइलवर जो भाव तुमच्या भावाला दिसतो, तो त्याच क्षणी कोट्यवधी लोकांना दिसतो. प्रेमचंदांना तो सगळ्यांच्या आधी कळत होता, आणि तरीही ते बुडाले.

का बुडाले, ते नीट बघण्यासारखं आहे. सौदे मुदतीचे होते. शेअर आज घ्यायचा, पैसे १ जुलै १८६५ ला चुकवायचे. मधल्या काळात भाव वाढला की फरक खिशात, पूर्ण रक्कम कुणाकडेच नव्हती आणि ती लागेल असं कुणाला वाटतही नव्हतं. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मोकळीक मिळाली होती. त्यामुळे शेअरवर कर्ज आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर, असं चक्र फिरत राहिलं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि कापसाचा भाव पडला. तरी काहींना वाटत होतं की थोडं थांबलं तर सावरेल. थांबायला वेळच नव्हता, तारीख ठरलेली होती. १ जुलै उजाडला आणि देणेकऱ्यांकडे पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली. पुढे ती बँकही गुंडाळावी लागली.

जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते, कापसाच्या हुंड्या हातात घेऊन, आणि त्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती. त्यांच्याही घराला तो फटका बसला होता. त्यानंतर बारा वर्षांनी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाच्या भावावर खेळण्यापेक्षा कापूस पिकतो तिथे जाऊन सूत काढायचं, हा त्यांचा निर्णय मला फार मोठा वाटतो. माझ्या मते तुमच्या भावाने १ जुलै १८६५ आणि १ जानेवारी १८७७ या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

हुशारीचंच म्हणायचं तर न्यूटनइतका हुशार माणूस कुठून आणायचा? १७२० मध्ये लंडनला साउथ सी कंपनीचा शेअर जानेवारीत सव्वाशे पौंडांच्या आसपास होता, उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्षअखेर दोनशेच्या खाली आला. न्यूटन तेव्हा टांकसाळीचा प्रमुख होता. त्याने आधी नफ्यात विकलं होतं. भाव चढत राहिलेला बघून पुन्हा चढ्या भावात शिरला आणि मोठी रक्कम गमावून बसला. तिथेही शेअर हप्त्यांवर मिळत होते आणि कंपनी स्वतःच्याच शेअरवर कर्ज देत होती. म्हणजे पैसा उसना आणि हप्त्याची तारीख पक्की, तिथेही तेच.

आपल्याकडे ही सोय पुढे "बदला" नावाने कित्येक वर्षं चालली. पूर्ण पैसे न देता शेअर घ्यायचा आणि व्याज भरून सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा. हर्षद मेहताच्या काळात त्यात बँकांचाच पैसा वळवला गेला; एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता, वर्षभरात निम्म्याहून खाली. जुलै २००१ मध्ये बदला कायमचा बंद झाला. आणि त्याच्या महिनाभर आधी, जून २००१ मध्ये, इंडेक्स ऑप्शन, म्हणजे निफ्टीसारख्या बाजाराच्या निर्देशांकावरचे ऑप्शन, सुरू झाले होते. २०१६ पासून त्यात आठवड्याची मुदत आली. १८६५ मध्ये माणसाला निदान काही महिने मिळत होते, तुमच्या भावाला मंगळवार ते मंगळवार मिळतो.

त्याचा एक दिवस कसा जात असेल ते बघा. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. निफ्टी वर जाईल असा त्याचा अंदाज, म्हणून सहा हजार रुपये प्रीमियम (ऑप्शनची किंमत) देऊन तो कॉल, म्हणजे भाव वर गेला तर फायदा देणारा ऑप्शन, घेतो. अकरा वाजेपर्यंत निफ्टी जागेवरच. खाली पडलेला नाही, तरी त्याचे सहा हजार आता साडेतीन झालेले असतात, कारण प्रीमियममध्ये मोठा भाग वेळेचा होता आणि वेळ कमी होतोय. दीड वाजता निफ्टी तीस अंक वर येतो, अंदाज बरोबर ठरतो, तरी किंमत पुरेशी सावरत नाही. अडीचला तो "ॲव्हरेज" करायला, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणायला, आणखी सहा हजारांचे कॉल घेतो. साडेतीनला दोन्ही शून्य. नोकरी करता करता, कधी मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून, हे सगळं चाललेलं असतं. दिशा बरोबर असूनही पैसे जाणं, हे शेअर घेऊन ठेवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्याकडे उद्याचा दिवस असतो.

बाबांचं अर्धं म्हणणं खरं ठरतं ते इथे. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर पैसे लावण्यातून. ते भाव येणं बंद झाल्यावर साठच्या दशकात मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढणं आलं. ज्या कापसाच्या आकड्यावर पैसे लावायचे त्याचं एक बोंडही लावणाऱ्याच्या घरात नसे.

भाऊ म्हणेल, ऑप्शन जोखीम कमी करायलाही असतात. बरोबर आहे. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांना १७३० मध्येच सरकारची परवानगी मिळाली होती. आणि जपानपर्यंत कशाला जायचं, तुमचे बाबा तेच करतात. आंबिया बहार झाडावर असतानाच भाव ठरतो, व्यापारी इसार देतो, बाकीचे तोडणीला. पुढे भाव पडला तरी बाबांचा दर ठरलेला, चढला तर व्यापाऱ्याचा फायदा. पण त्या सौद्यात संत्रं आहे. बाबांना भाव पडण्याची खरी भीती आहे आणि व्यापाऱ्याला मालाची खरी गरज आहे. तुमच्या भावाच्या सौद्यात त्याच्याकडे माल नाही, संरक्षण द्यायला काही नाही. तिथे त्याचा एक रुपया वाढला की समोरच्याचा एक कमी होतो आणि दोघांच्याही खिशातून ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी, स्टँप ड्युटी जाते.

समोरचा कोण, हेही बाहेर आलेलं आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओचा, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन या मुदतीच्या सौद्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १ कोटीहून जास्त लोकांनी वैयक्तिकरीत्या हे ट्रेडिंग केलं. त्यांतले ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर कमावणारे शंभरात एक. नफा गेला तो मोठ्या परदेशी संस्थांकडे आणि स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांकडे, आणि त्यांचे बहुतेक व्यवहार संगणकाच्या अल्गोरिदमने होतात. त्या अभ्यासातली एक ओळ मला सगळ्यात जास्त लागली: सलग दोन वर्षं तोटा होऊनही तोट्यातले ७५ टक्क्यांहून जास्त लोक ट्रेडिंग करत राहिले. तुमचा भाऊ बिघडलेला नाही. तो या गर्दीत अडकलेला एक चांगला मुलगा आहे, असं धरूनच त्याच्याशी बोला.

बोलणार कसं? "जुगार" हा शब्द पहिल्या दिवशी काढू नका. तो उठून जाईल. त्याच्याकडे एकच गोष्ट मागा, ब्रोकरच्या ॲपमधलं नफा-तोट्याचं स्टेटमेंट, खर्चासकट. खातं उघडल्यापासूनचं, दर वर्षाचं वेगळं. त्याने जिंकलेले दिवस त्याला तोंडपाठ असतील, पण चार्जेसची बेरीज बहुधा त्याने कधी बघितलेली नसेल. एकापेक्षा जास्त ब्रोकरकडे खाती असू शकतात. पॅनवर नोंदलेल्या ईमेलला डिपॉझिटरीकडून (डीमॅट खाती सांभाळणारी संस्था) जे एकत्रित स्टेटमेंट येतं, त्यात सगळी डीमॅट खाती दिसतात, तेही बघा. कुणा टेलिग्राम ग्रुपला किंवा "खात्रीशीर रिटर्न" देणाऱ्याला पैसे दिलेत का, हे सरळ विचारा. दिले असतील तर तो तोटा नाही, फसवणूक आहे, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायची.

स्टेटमेंट समोर आल्यावर त्याने एफ अँड ओ सेगमेंट बंद करावा. ब्रोकरला सांगून तो करता येतो. शेअर आणि म्युच्युअल फंड चालू राहू देत, त्याला माझा विरोध नाही. दरमहा पगारातून थोडं घालावं, उसनं घेऊन नको. हे झालं, तर आणि तरच, पर्सनल लोनच्या बाबतीत मदत करा, कारण त्याचं व्याज तुमच्या एफडीच्या व्याजापेक्षा नक्कीच जास्त असेल. पण रक्कम त्याच्या बचत खात्यात टाकू नका. बँकेकडून लोन बंद करायची रक्कम लेखी घ्या, मुदतीआधी फेडण्याचे चार्जेस विचारा आणि थेट लोन खात्यात भरा. जमेल तेवढंच भरा. एफडीतला तुमच्या अडीअडचणीचा भाग मोडू नका. नव्या लोनला जामीनदार म्हणून सही तर अजिबात नाही. आणि एफ अँड ओमधला तोटा प्राप्तिकरात व्यवसायातला तोटा धरला जातो, विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो. त्याने तो दाखवला आहे का, हे सीएला विचारा. बरेच जण लाजेपोटी दाखवत नाहीत.

बाबांना सांगावंच लागेल, आणि पूर्ण आकडा सांगा. तुम्हाला ज्याची भीती आहे ते टाळायचा दुसरा रस्ता नाही. बाग त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या सहीशिवाय सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. कशासाठी सही मागितली जातेय हे माहीत असलेला बाप विचार करून सही करतो, अंधारात ठेवलेला बाप मुलाच्या डोळ्यांतलं पाणी बघून करून मोकळा होतो. काटोलकडच्या शेतकऱ्याला २००२ आठवत असेल. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घ्यायला म्हणून होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत शंभर कोटींहून जास्त रक्कम गुंतवली, रोखे आलेच नाहीत, आणि भोगलं ते बँकेवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांनी. बाबांचा राग नुसता जुन्या विचारांतून येत नाही, हे भावालाही कळू द्या. बहाराचा सौदा ठरून इसार घरात यायच्या आत हे बोलणं उरका.

शेवटी त्याच्या तब्येतीचं. तो रात्री झोपतो का, जेवताना मोबाइल खाली ठेवतो का, बायको-मित्रांपासून तुटलाय का, बघा. तोटा भरून काढण्याची ओढ आवरत नसेल तर हा विषय मानसोपचाराचाही आहे, त्यात कमीपणा काही नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतूनही बोलते, फोनला पैसे पडत नाहीत. "आता काही अर्थ नाही" अशा तऱ्हेचं काही तो बोलला तर स्टेटमेंट, लोन, बाग सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तिथे फोन लावा.